रिकाम्या खोलीतला एसी कोण बंद करतं? कोल्हापुरातल्या एका हॉटेलाविषयी

हॉटेल कोल्हापुरात आहे, स्टेशनपासून रिक्षाने पाच-सात मिनिटांवर. साठेक खोल्या, वर लग्नाचा हॉल, खाली शाकाहारी-मांसाहारी दोन्ही मिळणारं रेस्टॉरंट. दिरांकडच्या कार्यासाठी मी आणि मिस्टर तिथे राहिलो होतो. नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या मुलांनी आणि मावश्यांनी माझ्याशी घरच्यासारखं बोलून बरंच काही सांगितलं, आणि त्यातल्या एखाद्या वाक्यावरून उद्या कुणाला जाब विचारला जावा असं मला वाटत नाही. मी स्वतः तीसेक वर्षं मुंबईतल्या हॉटेलांच्या हाउसकीपिंगमध्ये काढली. रूम अटेंडंट म्हणून लागले आणि एक्झिक्युटिव्ह हाउसकीपर म्हणून निवृत्त झाले. त्यामुळे कुठल्याही हॉटेलच्या खोलीत शिरले की आधी चादरीचे कोपरे बघते आणि मग दाराजवळची की-कार्डची खाच, जिच्यात कार्ड घातलं की खोलीची वीज सुरू होते.

खोलीबद्दल तक्रार नाही. बाथरूमच्या जाळीत केस नव्हता, आरशाच्या कडेला पाण्याचे डाग नव्हते, पलंगाखाली वाकून पाहिलं तर तिथेही झाडू फिरलेला होता. गादी जरा कडक, माझ्या पाठीला ती मानवते. नाश्त्याला पोहे, उप्पीट, इडली आणि रविवारी मिसळ, तीही कोल्हापूरच्या नावाला शोभणाऱ्या कटाची. रात्री तांबडा रस्सा उत्तम, पांढरा मात्र पातळ. भाडं त्या भागातल्या तशाच हॉटेलांइतकं. एवढंच असतं तर दोन ओळी लिहून थांबले असते. लिहायला बसले ते इथली माणसं वीज आणि गॅस स्वतःच्या घरचा असावा तसा जपतात म्हणून, आणि कुणी पाठीमागे उभं नसतानाही जपतात म्हणून. नोकरीत असताना हे घडावं यासाठी मी खूप धडपडले, आणि घडलेलं फार थोड्या ठिकाणी पाहिलं.

घरी आपण खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवतो, कारण महावितरणचं बिल आपल्याला भरायचं असतं. हॉटेलात बिल मालकाचं, गारवा पाहुण्याचा आणि बटण दाबायचं काम तिसऱ्याचं, म्हणजे कर्मचाऱ्याचं. युनिटं जास्त जळली काय, कमी जळली काय, त्याच्या पगारात रुपयाचा फरक पडत नाही. उलट पॅसेजमधला दिवा चुकून बंद राहिला आणि पाहुणा चिडला, तर बोलणी त्यालाच बसतात. मग त्याने वाचवावं कशासाठी? नव्वदच्या दशकात विठ्ठल कामतांनी विलेपार्ल्याला ऑर्किड उभारलं, ते पर्यावरणाचा विचार पायापासून करून. तेव्हापासून हिरव्या हॉटेलांचं बोलणं आमच्या क्षेत्रात पुष्कळ ऐकलं. पण मी जिथे जिथे काम केलं, तिथे कर्मचाऱ्यापर्यंत त्यातलं पोचलं ते बहुतेक वेळा एक स्टिकर. प्रत्येक स्विचखाली एक: गरज नसताना बंद करा.

मुंबईतल्या एका हॉटेलात, नाव नको, नियम होता की रिकामी खोली साफ करताना एसी लावायचा नाही. कागदावर नियम बरोबरच आहे. पण खिडक्या न उघडणाऱ्या, पंखा नाही, महिना मे, आणि एका पाळीत चौदा-पंधरा खोल्या. गादी उचलून चादर ताणायची, गुडघ्यावर बसून बाथरूमची फरशी घासायची, तेही केमिकलच्या वासात. मुलींच्या गणवेशाच्या पाठी ओल्याचिंब व्हायच्या. सुपरवायझर दुसऱ्या मजल्यावर गेली की खाचेत पुठ्ठ्याचा तुकडा जायचा आणि एसी सोळावर यायचा. खोली झाल्यावर पुठ्ठा काढायचा राहिला की तो एसी संध्याकाळपर्यंत तसाच चालायचा. त्या मुलींना दोष देणं मला कधीच जमलं नाही. वाचलेली वीज त्यांच्या घामातून काढायची असं वरच्यांनी ठरवलं होतं आणि ते त्यांना कळत होतं.

कोल्हापूरच्या या हॉटेलात खोलीला छताचा पंखा आहे. आजकाल हॉटेलवाले पंखा काढून टाकतात, तो जुनाट दिसतो म्हणून. इथे नव्या पद्धतीचा बीएलडीसी पंखा आहे. जुना साधा पंखा पंचाहत्तर वॉटच्या आसपास घेतो, हा तीसच्या आसपास. आणि खिडकीचा एक पल्ला चक्क उघडतो, आत मच्छरदाणीची जाळी बसवलेली. सकाळी आमच्या मजल्यावर कागलहून येणाऱ्या एक मावशी खोल्या करत होत्या. मी दारात उभी राहून पाहिलं. ट्रॉली दाराला आडवी लावली, आत जाऊन आधी एसी बंद, मग खिडकी उघडी, पंखा पूर्ण वेगावर, आणि मग चादरीला हात. हा क्रम एका खोलीत नाही, एकामागून एक चार खोल्यांत तसाच पाहिला.

मी विचारलं, "मावशी, एसी लावायला मनाई आहे का तुम्हाला?"

"न्हाई ओ मॅडम. लावला तर कोण काय बोलत न्हाई. पन वारं येतंय, पंखा हाय, मग एसी कशाला? लई उकडलं तर मॅनेजर सायबच म्हणतात, लावा की घटकाभर."

मनाई नाही, हे त्यांनी पहिल्या दमात सांगितलं. नंतर कळलं की बचतीचं काम सुरू झालं तेव्हा पहिल्या वर्षी जे पैसे वाचले ते आधी स्टाफच्या बाजूला खर्च झाले. लिनन रूममध्ये एक्झॉस्ट पंखा बसला, लॉकर रूमचे घरघरणारे पंखे बदलले, रात्रपाळीच्या लोकांच्या बाथरूमला गरम पाणी आलं. लॉबीचं झुंबर त्याच्या पुढच्या वर्षी बदललं. ज्यांनी हॉटेलांची मागची बाजू पाहिली आहे त्यांना या क्रमाची किंमत कळेल. तळघरातली लिनन रूम म्हणजे काय असतं, हे मी उभं आयुष्य पाहिलं आहे: इस्त्रीची वाफ, ओल्या टॉवेलांचा वास, आणि डोक्यावर एक ट्यूबलाइट. तिथे वारा आला, तर माणूस बचतीचं पुढचं बोलणं ऐकून घेतो.

प्रत्येक मजल्याच्या पॅन्ट्रीत एक पांढरा फळा आहे. मेंटेनन्सचे दादा रोज सकाळी ब्रीफिंगच्या आधी त्यावर काल विकल्या गेलेल्या खोल्या, काल जळलेली युनिटं आणि त्यांचा भागाकार लिहितात. हा भागाकार फार महत्त्वाचा. नुसतं महिन्याचं बिल दाखवलं तर लग्नसराईत ते वाढणारच, आणि कर्मचाऱ्याला वाटतं आपण कितीही केलं तरी आकडा चढतोच. विकलेल्या खोलीमागे किती, असं पाहिलं की गर्दीचा आणि मोकळा दिवस एका मापात येतात. किचन, लॉन्ड्री, हॉल आणि खोल्यांचे मजले यांना वेगळे सबमीटर आहेत, त्यामुळे हॉलवाल्यांची उधळण मजल्यावरच्यांच्या माथी येत नाही. मी नोकरीत असताना सबमीटर मागितले होते. खर्च परवडत नाही असं उत्तर मिळालं. मग वर्षानुवर्षं आम्ही सगळ्यांनी मिळून सगळ्यांना दोष दिला.

लॉन्ड्रीच्या माणसाने मला जे सांगितलं ते ऐकून तर फार बरं वाटलं. त्याला मॅक्सिमम डिमांड म्हणजे काय ते ठाऊक होतं. मोठ्या जोडणीच्या बिलात नुसती युनिटं मोजत नाहीत, एका वेळी जास्तीत जास्त किती भार ओढला त्याचाही आकार लागतो, आणि संध्याकाळची वीज महाग पडते. म्हणून तो मोठं वॉशिंग मशीन आणि कपडे सुकवायचा टंबलर दुपारीच उरकतो, संध्याकाळी हॉलचे एसी सुरू व्हायच्या आत. दहावीपर्यंत शिकलेला माणूस. त्याला हे कुणीतरी बसून, बिल समोर ठेवून समजावलं असणार. "हे बटण बंद कर" एवढंच सांगितलं असतं तर त्याने बटण बंद केलं असतं. कारण कळल्यावर दिवसाचा क्रम त्याने स्वतः बदलला.

टॉवेलचीही गोष्ट तशीच. बाथरूममधलं कार्ड सगळीकडे असतं: टॉवेल परत वापरणार असाल तर टांगून ठेवा. अमेरिकेतल्या एका हॉटेलात यावर प्रयोग झाला होता, 2008 साली तो प्रसिद्ध झाला. पर्यावरण वाचवा असं लिहिलेल्या कार्डापेक्षा, इथे राहणारे बहुतेक पाहुणे टॉवेल परत वापरतात असं लिहिलेल्या कार्डाला जास्त पाहुण्यांनी साथ दिली. मी हा प्रयोग ट्रेनिंगमध्ये सांगायची. पण पाहुण्याने टॉवेल टांगला तरी अटेंडंट तो बदलतेच, हा अनुभव वाचणाऱ्यांपैकी अनेकांना असेल. ती हट्टी नसते. तिच्या चेकलिस्टवर टॉवेल बदलले का असा रकाना असतो आणि तो कोरा राहिला तर सुपरवायझर विचारते. इथे चेकलिस्टवर त्या जागी "पाहुण्याने टांगला होता" असा दुसरा रकाना छापला आहे. मी दोन्ही दिवस टॉवेल टांगला, दोन्ही दिवस तो तसाच राहिला. नोकरीत असताना मी हा रकाना छापून घ्यायला हवा होता असं फार वाटलं. कागदाला लागतो तेवढाच खर्च.

किचनमध्ये जायला मिळालं ते शेफ ओळखीचे निघाले म्हणून. हॉटेलच्या किचनमध्ये व्यावसायिक सिलिंडर एकोणीस किलोचा, आणि मोठ्या बर्नरची ज्योत म्हणजे जवळजवळ भट्टीच. ऑर्डर नसताना बर्नर जळत ठेवायची खोड सगळ्या किचनमध्ये असते. बाहेरच्याला वाटतं, आळशीपणा. मी किचनवाल्यांबरोबर इतकी वर्षं जेवले आहे, मला कारण माहीत आहे: लायटर सापडत नाही. एक लायटर असतो, तो तंदूरवाल्याकडे गेलेला असतो, आणि समोर चार टेबलांची ऑर्डर लागलेली असते. मग कोण बंद करील? या किचनमध्ये प्रत्येक बर्नरच्या बाजूला, पत्र्याला भोक पाडून, बारीक साखळीला एकेक लायटर अडकवलेला आहे. मी उभी होते तेवढ्यात एका पोराने कढई उतरवली, चावी फिरवली, ज्योत गेली. मिनिटभराने ऑर्डर आली तेव्हा न बघता हात साखळीवर गेला आणि बर्नर पेटला. शेफ म्हणाले, "काकू, ओरडून घसा बसला होता माझा. शेवटी साखळ्याच आणल्या." भिंतीवर घोषवाक्य एकही नाही. डाळ-तांदूळ भिजवायची वेळ लिहिलेला कागद मात्र आहे, कारण भिजलेली डाळ लवकर शिजते आणि गॅस वाचतो.

पण सगळ्यात जास्त मनात राहिला तो बँक्वेटचा, म्हणजे लग्नाच्या हॉलवरचा पोरगा. आजरा तालुक्यातला, विशीतला. आमचं कार्य आटोपलं आणि शेवटची मंडळी हॉलच्या दारातून बाहेर पडत होती, तोवर त्याने मागच्या रांगेपासून दिवे मालवत आणले होते. इतर ठिकाणी हॉल रिकामा झाल्यावरही तासतास झगमगत राहतो, खुर्च्या उचलून होईपर्यंत. मी म्हटलं, कुणी सांगितलंय का रे तुला? तो म्हणाला:

"सांगितलंय तसं. पन आमचे आण्णा आटवड्याआड रातच्याला उसात जात्यात, मोटर चालू करायला. शेतीची लाइट तवाच असती. थंडी असो, साप असो. हितं मोकळ्या हॉलात झुंबर जळताना बघितलं की मला बरं वाटत न्हाई."

ज्यांचा गावाशी संबंध आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. शेतीपंपाला थ्री-फेज वीज बऱ्याच गावांत आलटून पालटून दिवसा आणि रात्री मिळत आली आहे, आणि रात्रीची पाळी आली की बाप, भाऊ, कधी आईसुद्धा बॅटरी घेऊन बांधावर असते. दिवसा वीज द्या ही शेतकऱ्यांची मागणी किती जुनी आहे! त्या घरातला मुलगा शहरात येऊन आपल्या झगमगाटाची बटणं सांभाळतो. ट्रेनिंग घेताना आम्ही त्याला हिमनग वितळतात, पृथ्वी तापते असं सांगत आलो. ते खरंच आहे, पण त्याच्या घरी विजेचं काय चालतं हे आम्ही त्याला कधी विचारलंच नाही. इथे विचारलं गेलं. मॅनेजर स्वतः चंदगडकडचे, त्यांनी पहिल्या बैठकीत हेच विचारलं होतं असं त्या पोराने सांगितलं: तुमच्या गावाला लाइट किती वाजता येते? अर्ध्या लोकांनी रात्रीची वेळ सांगितली म्हणे. इथे एका खोलीत विझवलेला दिवा आजऱ्याच्या पंपाला थेट मिळत नाही, हे त्या मुलालाही कळतं. तरीही तो मालवतो, आणि ते माझ्यापर्यंत पोचलं.

आता रिसेप्शन. इथे गोष्ट जरा अवघड आहे, आणि यात आपला, म्हणजे परीक्षणं लिहिणाऱ्यांचा, हात आहे. हॉटेल निम्मं भरलेलं असेल तर पाहुणे आधी एकाच मजल्यावर द्यावेत, म्हणजे दुसऱ्या मजल्याचे पॅसेजचे दिवे, फ्रीज, सगळं बंद ठेवता येतं. हे फक्त रिसेप्शनवरच्या मुलीच्या हातात असतं. आणि खोली आधी तासभर गार करून ठेवायची की पाहुणा आल्यावर एसी लावायचा, हेही तिच्याच. पण तिचं मोल कशावरून ठरतं? आपण लिहितो त्यावरून. "खोलीत शिरलो तर गरम होती, एक तारा." असा अभिप्राय आला की तिला केबिनमध्ये बोलावतात, आणि पुढच्या दिवसापासून ती सगळ्या खोल्या दुपारपासून अठरावर लावून ठेवते. तिची काय चूक?

या हॉटेलात खोलीत एसी आधीच चालू नव्हता. सामान ठेवायला आलेल्या मुलाने आमच्यासमोर पंखा लावला, एसी चोवीसवर सुरू केला आणि सांगितलं, दहा मिनिटांत गार होईल, अजून कमी हवं असेल तर रिमोट इथे आहे. आम्ही प्रवासातून आलेलो, त्या दहा मिनिटांत हातपाय धुऊन झाले. चोवीस हा आकडा हवेतला नाही. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने 2020 पासून नव्या एसींना सुरुवातीचं तापमान चोवीस ठेवणं बंधनकारक केलं आहे, आणि एक अंश वर ठेवला तर साधारण सहा टक्के वीज वाचते असं त्यांचंच सांगणं आहे. आम्ही रात्री सव्वीस आणि पंखा असं झोपलो, पहाटे पांघरूण ओढावं लागलं. तर माझी कळकळीची विनंती: इथे राहाल तेव्हा खोली आधीपासून बर्फासारखी नव्हती म्हणून तारे कापू नका. आणि मजल्यावरच्या मावशींनी खोली चांगली ठेवली असेल, तर त्यांचं नाव घेऊन अभिप्रायात लिहा. तो अभिप्राय ब्रीफिंगमध्ये वाचून दाखवतात, हे मी कानांनी ऐकलं.

पैशांचंही सांगते, कारण त्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. वर्षाच्या बचतीतला काही हिस्सा दिवाळीला स्टाफमध्ये वाटतात. किती, ते मी विचारलं नाही. पण वाटणी समान आहे, आणि त्यात कंत्राटी सिक्युरिटीवाला आणि भांडी घासणारी बाईसुद्धा येते. मी पाहिलेल्या ठिकाणी अशी बक्षिसं कायम कर्मचाऱ्यांपुरती असत, आणि रात्री बेसमेंटचे दिवे ज्याच्या हातात, तो कंत्राटी म्हणून यादीत नसे. त्याने का उठावं दिवा मालवायला? मावशींना दिवाळीच्या पैशांबद्दल विचारलं तर म्हणाल्या, पोरीच्या क्लासची फी भरली. पाकिटापेक्षा लिनन रूमच्या पंख्याविषयी त्या जास्त वेळ बोलल्या, एवढं मी नमूद करते.

उणं काय ते. चौथ्या मजल्यावर गरम पाणी यायला बराच वेळ लागतो, तोवर बादलीभर थंड पाणी वाहून जातं. वर सोलर आहे, पाइप लांबचा आहे, त्याला नीट आवरण घालायला हवं. पॅसेजचे सेन्सरचे दिवे फार लवकर विझतात. माझे मिस्टर काठी घेऊन सावकाश चालतात, त्यांना दोनदा अंधारात थांबावं लागलं. म्हाताऱ्या माणसाला अंधारात उभं करून वीज वाचवू नये, हे मी मॅनेजरना स्पष्ट सांगितलं. त्यांनी लगेच मेंटेनन्सच्या दादांना बोलावून वेळ वाढवायला सांगितली आणि दुसऱ्या दिवशी ती वाढलेली होती.

तिसरं उणं मोठं आहे. लग्नाच्या हॉलात डेकोरेटर बाहेरचा येतो. त्याचे हॅलोजन, त्याच्या माळा, त्याची माणसं. दुपारी दोनपासून सगळं लावून ठेवतात, मुहूर्त संध्याकाळचा असला तरी. फळ्यावर आकडा चढतो तो हॉलच्या नावावर, आणि त्या आजऱ्याच्या पोराला डेकोरेटरच्या माणसांना काही बोलता येत नाही. कारण ते यजमानांचे, आणि यजमान म्हणजे पाहुणे. आमच्या कार्यात यजमान आमचे दीर होते. मी त्यांना जाऊन सांगितलं, त्यांनी डेकोरेटरला सांगितलं, आणि हॅलोजन साडेपाचपर्यंत बंद राहिले. हॉल बुक करणाऱ्यांनी कराराच्या वेळीच हे लिहून घ्यावं: दिवे मुहूर्ताच्या तासभर आधी. हॉटेलने तो मुद्दा फॉर्मवर छापावा असं मी मॅनेजरना लेखी दिलं आहे. छापला की नाही ते दिवाळीनंतर दुसऱ्या पुतणीच्या साखरपुड्याला गेले की कळेल, हॉल तोच ठरला आहे.